आजचं चिंतन : कोंडलेला विठ्ठल आणि आमच्या दाराची वरची कडी

आज वाचनात जनाबाईंचा चोराचा अभंग आला. तुमच्यापैकी बहुतेकांना तो पाठ असेल. पंढरपूरच्या चोराला पकडून जनाबाई आपल्या हृदयात डांबून ठेवते, असा त्याचा भाव. आमच्या भजनी मंडळात तो सुरू झाला की सगळ्यांनाच चेव येतो. शेवटी शेवटी विठ्ठल गयावया करायला लागतो आणि जनाबाई काही केल्या सोडत नाही, तिथे तर बायका टाळ वाजवता वाजवता हसतात. देव कसा पकडला बघा!

आज पहाटे मी त्या गयावया करण्यापाशी अडखळले. पुढे जाववेना. पोथी उघडी ठेवून उठले, चहा केला, परत येऊन बसले, तरी तेच. कारण काल संध्याकाळी आमच्या घरात कुणीतरी तशीच काकुळतीला आली होती, आणि दाराची कडी मी लावलेली होती.

आईबद्दल मी इथे फारसं लिहीत नाही. तिला न विचारता लिहिणं बरं वाटत नाही, आणि विचारून सांगावं अशी ती आता राहिलेली नाही. आज मात्र लिहिते. आई चौऱ्याऐंशीची आहे. चार वर्षांपासून विस्मरणाचा आजार, डॉक्टरांच्या भाषेत डिमेन्शिया. हरिपाठ म्हणायला सुरुवात करून दिली की पुढचं आपोआप येतं, पण मी कोण हे आठवत नाही. बहुतेक वेळा मी तिची वहिनी असते. दिवसभर ठीक असते. पाच वाजले, ऊन कलायला लागलं की तिची चुळबुळ सुरू होते. पदर सारखा करते, पिशवीत टॉवेल नि पोथी घालते आणि दाराशी येऊन उभी राहते. घरी जायचंय म्हणते. घर म्हणजे तिचं माहेर, तरडगावकडचं. माउलींची पालखी ज्या वाटेनं जाते त्या वाटेवरचं. तिथलं घर पडूनही वीस वर्षं झाली.

गेल्या वर्षी श्रावणात ती खरंच गेली. मी गॅसवरचं दूध बघत होते तेवढ्यात. दोन तास सगळी गल्ली शोधत होती. शेवटी सातारा स्टँडवर सापडली, एका गजरेवाल्या बाईंच्या शेजारी बसलेली. फलटण गाडी लागली का, असं येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत होती. पायात चप्पल नव्हती. त्या बाईंनी तिला हलू दिलं नाही, चहा पाजला. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत.

दुसऱ्याच दिवशी सुताराला बोलावून मी दाराला वर, आईचा हात पोचणार नाही इतक्या उंचावर, एक कडी बसवून घेतली. तिला ती दिसू नये म्हणून दारावर पडदाही सोडला.

काल ती त्या पडद्याआड हातानं चाचपत होती. म्हणाली, "वैनी, कडी काढ की गं. सांज झाली. दादा वाट बघत असंल." मी म्हटलं, आज राहा, उद्या जाऊ. मग तिनं हात जोडले. मला. "मी काय केलंय गं? मला कशाला कोंडलंय?"

मी आत जाऊन कुकर लावला.

आता सांगा, आज सकाळी तो अभंग मी कसा म्हणायचा?

मनाला लगेच पळवाट सुचली. ती पळवाट आपल्या परंपरेत इतकी रुळलेली आहे की शोधावीही लागत नाही. प्रेमानंच तर कोंडलंय! यशोदेनं नाही का कृष्णाला बांधलं? पुंडलिकानं नाही का देवाला विटेवर खिळवून ठेवलं? भक्तीचा दोर आहे हा, कैद नव्हे. मी दोन घोट चहा घेईपर्यंत माझं जवळजवळ समाधानही झालं होतं. पण मग भागवताचा दशम स्कंध काढला आणि नववा अध्याय नीट वाचला, कारण आपण गोष्ट आठवतो ती आपल्या सोयीची.

यशोदा दही घुसळत होती. चुलीवर दूध उतू जाऊ लागलं म्हणून मांडीवरच्या बाळाला खाली ठेवून ती धावली. (दुधापायी माणूस हातचं जातं, हे मी वाचताना पहिल्यांदाच लक्षात आलं.) कृष्णाला राग आला, त्यानं मडकं फोडलं, उखळावर चढून माकडांना लोणी वाटलं. ती काठी घेऊन मागे लागली, शेवटी पकडला आणि उखळाला बांधायला निघाली. दोर दोन बोटं कमी पडला. दुसरा जोडला, तरी दोन बोटं कमी. घरातली सगळी दावी आणून जोडली, तरी दोन बोटं कमीच. तिला घाम फुटला, केसांतली फुलं गळून पडली. तिचे ते श्रम बघून कृष्णाला दया आली आणि मग तो बांधला गेला. दामोदर हे नाव तिथलं, पोटाला दावं असलेला.

म्हणजे बांधलं यशोदेनं, हे अर्धंच खरं. तो बांधून घ्यायला तयार झाला तेव्हाच दोर पुरला. आणि बांधलेला असतानाही त्यानं ते उखळ ओढत नेलं आणि नारदांच्या शापानं झाडं होऊन उभे असलेले कुबेराचे दोन मुलगे मोकळे केले. त्या दोराची त्याला काय मातब्बरी!

विटेवरचा विठ्ठलही तसाच. आईवडिलांची सेवा चाललीय, थांब जरा, असं म्हणून पुंडलिकानं वीट भिरकावली. देव थांबला. त्याला जायचं असतं तर वीट त्याला धरून ठेवणार होती का?

आणि जनाबाई. ही कोण होती? गंगाखेडची एक मुलगी, लहानपणीच दामाशेटींच्या घरी कामाला राहिलेली. दळण, कांडण, शेणी वेचणं यांत आयुष्य गेलं. स्वतःला ती नामयाची दासी म्हणवते. आपण ते नाव कौतुकानं घेतो, पण दासी म्हणजे दासी. दुसऱ्याच्या घरची, दुसऱ्याच्या वेळेनं उठणारी. जिला स्वतःचं म्हणून काही नव्हतं तिनं जगाच्या मालकाला डांबून ठेवलं! त्या अभंगातली सगळी गंमत, सगळं धाडस यात आहे. दुबळ्यानं बलवंताला बांधलंय. कोंडलेल्याच्या हातात सगळं आहे, आणि कोंडणारीकडे प्रेमाशिवाय काही नाही.

आमच्या घरात हे बरोबर उलटं आहे. कडी माझ्या हाताला येते, आईच्या येत नाही. मला तारीख, वार, रस्ता माहीत आहे, तिला नाही. ती उखळ ओढत नेणार नाही. तिनं हात जोडले ते लीला म्हणून जोडले नाहीत. बलवंतानं दुबळ्याला कोंडलं की त्याला संतांची भाषा लागू पडत नाही. त्याला साधा मराठी शब्द आहे, कोंडणं. मग कोंडणाऱ्याच्या मनात कितीही माया असो.

मी कडी काढून टाकावी, असं माझं म्हणणं नाही. स्टँडपर्यंतच्या रस्त्यावरून ट्रक जातात. कडी राहणार आहे. फक्त तिला मी यशोदेचा दोर म्हणणार नाही.

हे इतकं ताणून का लिहिते? प्रेमापोटी बांधलेल्यांचं काय होतं हे आपल्या देशानं पाहिलेलं आहे म्हणून. तमिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडी नावाचं गाव आहे. तिथल्या दर्ग्याच्या आसऱ्यानं मनोरुग्णांना ठेवून घेणारी घरं होती. 6 ऑगस्ट 2001 च्या पहाटे त्यांतल्या एकाला आग लागली. माणसं साखळीनं बांधलेली होती. 28 जण गेले. त्यांना तिथे आणून सोडणारे वैरी नव्हते, घरचेच लोक होते. गुण येईल अशा श्रद्धेनं आणलेले, किंवा सांभाळून सांभाळून थकलेले. त्या साखळ्यांनाही कुणीतरी काळजीच म्हटलं असेल. मी दूध आणायला जाताना बाहेरून कुलूप घालत असे. हे आठवल्यापासून एक किल्ली शेजारच्या वहिनींकडे दिलेली आहे. एवढंच केलं, पण ते आधी सुचलं नव्हतं.

आणखी एक प्रसंग. मागे एकदा मी बँकेत गेले होते, दाराला कुलूप होतं. आई खिडकीच्या ग्रीलपाशी उभी राहून रस्त्यावरच्या एका मुलाला हाका मारत होती, बाळा, मला बाहेर काढ. मी परत आले तेव्हा तो तिथेच थांबलेला, हातात क्रिकेटची बॅट. मला म्हणाला, "काकू, आजींनी काय केलं?" मी त्याला आजार समजावून सांगितला. त्यानं मान हलवली आणि तो गेला. पण प्रश्न बरोबर होता. कैद म्हटलं की गुन्हा कोणता, हे विचारायलाच हवं. तिनं काहीच केलेलं नाही.

कीर्तनात एक वाक्य हमखास येतं, "अहो, आपण सगळेच कैदी! संसार हाच तुरुंग!" मीही ते इथे कितीदा लिहिलं असेल. त्यात खोटं काही नाही. पण जो खरोखर बंद दाराआड आहे त्याच्यासमोर ते म्हणू नये. 1932 साली विनोबा धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते लिहून घेत, हे आपल्याला माहीत आहे. त्या भिंतींच्या आत बसून कुणी बंधमोक्षाबद्दल बोललं तर त्याला वजन आहे. दाराबाहेर किल्ली घेऊन उभ्या असलेल्या माणसानं आतल्याला सांगायचं की खरी कैद मनाची असते, हा मात्र निव्वळ निर्लज्जपणा. कळतं मला, मीच तो केलेला आहे. आईला नव्हे, स्वतःला समजावताना.

आता माझ्या स्वतःच्या बाजूला येते, कारण तिथे आणखी एक लबाडी लपलेली आहे. गेली तीन वर्षं मी लोकांना सांगतेय, मी अडकून पडलेय. वारी चुकली. भजनी मंडळ महिन्यातून एकदा, तेही शेजारच्या वहिनी बसल्या तर. पुण्याच्या भावाला फोनवर हेच सांगते, आणि सांगताना आवाज जरा जास्तच थकलेला काढते. एका घरात दोन बाया, दोघीही म्हणतात मी कैदेत आहे, आणि कडी त्यांतल्या एकीच्याच हाताशी. माझं अडकणं खोटं आहे असं नाही. पण ते आणि आईचं कोंडलेपण एकाच शब्दात बसवलं की तिचं दुःख माझ्या तक्रारीखाली झाकलं जातं.

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात नळीवरच्या पोपटाचा दृष्टांत आहे. पोपट नळीवर बसतो, त्याच्या भारानं ती फिरते, तो उलटा होतो आणि घाबरून पाय अधिकच घट्ट आवळतो. कुणी बांधलेलं नसताना आपण बांधलेलो आहोत, असं समजून लटकत राहतो. हा दृष्टांत आईला लावणं पाप आहे. मला तो लागतो. भाऊ म्हणाला होता, पंधरा दिवस पुण्याला आणून ठेव, मी बघतो. मी नाही म्हटलं. त्याला जमणार नाही, तिच्या वेळा त्याला माहीत नाहीत, ती मलाच ओळखते. (ती मला वहिनी म्हणते!) ही कारणं थोडी खरी आहेत. त्यांच्या तळाशी, "एवढी सेवा मीच करते" हे आहे. गीतेच्या चौदाव्या अध्यायात भगवंत तिन्ही गुणांबद्दल सांगतात की ते बांधतात. तम आळसानं नि झोपेनं बांधतो, रज कर्माच्या हव्यासानं, हे पटकन पटतं. पण सत्त्वही बांधतो, सुखाच्या आणि ज्ञानाच्या ओढीनं. चांगुलपणाच्या बेडीला खडखडाट नसतो. लोक कौतुक करतात, पायात काही आहे हे कळतच नाही. माझ्या पायातली ती आहे.

आणि तरीही नुसता पोपट म्हणूनही भागत नाही. कारण पाय सोडले तर मी उडेन, आई उडणार नाही.

म्हणून शेवटी तिसऱ्या अध्यायाशी आले. मथुरेचा बंदिखाना. कृष्णजन्माची रात्र आपण दरवर्षी साजरी करतो, पाळणा म्हणतो, सुंठवडा वाटतो. पहारेकरी झोपले, कुलपं गळून पडली, दारं उघडली, वसुदेव बाळाला घेऊन यमुनेपार गेला. गोष्ट इथवर आली की आपलं सगळं लक्ष गोकुळाकडे लागतं. वसुदेवाचं पुढे काय? तो परत आला. नंदाची मुलगी घेऊन, चालत, स्वतःच्या पायांनी त्याच कोठडीत. भागवतात लिहिलंय की मुलीला देवकीच्या शेजारी ठेवून त्यानं लोखंडी बेड्या पुन्हा आपल्या पायात अडकवून घेतल्या आणि पहिल्यासारखा बसून राहिला.

इतकी वर्षं गोकुळाष्टमी केली, पण या ओळीवर मी कधी थांबले नव्हते. दारं उघडी होती. नदी वाट देत होती. पहारा झोपलेला होता. तो कुठेही जाऊ शकला असता. पण आत देवकी होती, नुकती बाळंत झालेली, आणि कोठडी रिकामी दिसली असती तर कंसानं बाळाचा माग काढला असता. त्या रात्रीनंतर वसुदेव कैदी होता की नव्हता? बेडी तीच, भिंती त्याच, कंस तोच. आदल्या दिवशी ती बेडी कंसानं घातलेली होती, आता ती त्यानं स्वतः अडकवलेली. तिनं कमी काचलं असेल असं मला वाटत नाही. लोखंड ते लोखंडच. पण उद्या "मला अडकवलं" असं तो म्हणू शकत नव्हता.

आणि देवकीला त्या रात्री कुणी विचारलं नाही. तिच्यासाठी दारं उघडली ती तिला बाहेर नेण्यासाठी नव्हती. कोठडी एक, कैदी दोन, आणि दोघांची कैद वेगळी. आमच्या घराचा नकाशा मला यात दिसला. वसुदेव व्हायला मन लगेच पुढे सरसावतं, ही पुन्हा सत्त्वाचीच बेडी, म्हणून तेवढ्यावर थांबते. पण भावाला आज फोन केला. दिवाळीनंतर पंधरा दिवस तो इथे येऊन राहील, आईला तिच्या जागेवरून न हलवता. मी आळंदीला जाईन म्हणते. बघू.

कडीचं म्हणाल तर, दोन बोटांचा दोर मनातून जाईना. मी दोर अगदी पुरेपूर बांधला होता, बोटभरही जागा न ठेवता. म्हणून महिनाभर एक करून बघतेय. पाचच्या आधी, तिची चुळबुळ सुरू व्हायच्या आतच, मी चपला घालते आणि म्हणते, चला, घरी जायचं ना? आम्ही निघतो. मारुतीच्या देवळापर्यंत, तिथून पिंपळाच्या पारापर्यंत. ती विचारते, "तरडगाव आलं का गं?" मी म्हणते, अजून जरा आहे. हे खोटं आहे हे मला ठाऊक आहे आणि त्याचं काय करायचं ते अजून कळलेलं नाही. पारावर बसलं की ती हरिपाठ म्हणते, दम लागतो, मग स्वतःच म्हणते, अंधार पडला, चल. काल पाऊस होता म्हणून जाता आलं नाही, आणि काल काय झालं ते वर लिहिलंच आहे.

परवाची गोष्ट सांगते. फिरून आलो, मी तिच्या चपला काढल्या, पाय पुसले. ती खाटेवर बसली आणि पडद्याकडे बघत म्हणाली, "कडी लाव गं वैनी, रात्र झालीय." मी लावली. मला फार बरं वाटलं, रडूही आलं. पण ही तिची संमती होती असं मी म्हणणार नाही. काल पुन्हा तिनं हात जोडलेच.

साडेचार वाजत आलेत. आभाळ निवळलंय. चोराचा अभंग आज अर्धाच राहिला, उद्या पुन्हा पहिल्यापासून वाचेन. आता चपला काढून ठेवते.

राम कृष्ण हरी.